आईवर गेलेला पाय

४ फेब्रुवारी

विहीणबाई,

अक्षर ओळखून पाकीट बाजूला ठेवू नका, एवढी पहिली विनंती. फोन तुम्ही उचलत नाही. उचलला असतात तरी मला नीट बोलता आलं नसतं. लग्नाच्या बोलणीच्या वेळी तुम्हीच म्हणाला होतात, "आमच्या विहीणबाई बोलतात कमी आणि मान जास्त हलवतात."

मागच्या महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्याची बातमी देण्यासाठी हे लिहीत नाही, पण सांगायचं आहे ते तिथूनच सुरू होतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी नर्सबाईंनी मला उठवलं. मी म्हटलं, "अहो, टाके अजून ओले आहेत." त्या म्हणाल्या, "पडून राहिलात तरी ओलेच राहणार. उठा आजी, दारापर्यंत जाऊन येऊ." शिवाय रोज पोटात एक बारीक इंजेक्शन. कशाचं म्हणून विचारलं, तर रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. ऑपरेशन झालेलं माणूस पडून राहिलं की पायात गुठळी धरते, आणि ती सुटून वर छातीत गेली की माणूस बोलता बोलता जातं.

बोलता बोलता हे शब्द ऐकून मला आपली थोरली आठवली. दुपारी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा त्यांना तुमच्या थोरलीचं, माझ्या सुनेचं, सगळं सांगितलं. सिझेरियन झालं, बाळ चांगलं होतं, ती चांगली होती. घरी येऊन थोडे दिवस झाले होते. केस विंचरायला उठून बसली, "अहो आई, धाप लागतेय" म्हणाली, आणि आडवी झाली. कागदावर हृदय बंद पडलं असं लिहिलं, आणि आपणही तेच धरून बसलो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं हो. ही पायातली गुठळी असणार." मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. पोटात बाळ असताना बाईचं रक्त नेहमीपेक्षा लवकर गोठायला लागतं. ती शरीराचीच तयारी असते, बाळंतपणात जाणारं रक्त वेळेवर थांबावं म्हणून. बाळ झालं की ते लगेच पहिल्यासारखं होत नाही. सहा आठवडे जातात, कुणाला जास्तही. तेवढ्या दिवसांत सिझेरियन झालेली बाई पडून राहिली की पायातलं रक्त तुंबतं. बहुतेकींना काहीही होत नाही. पण काही घरांमध्ये रक्त मुळातच लवकर गोठणारं असतं, आणि तिथे हे सगळं एकत्र आलं की धोका.

एवढं सांगून त्यांनी विचारलं, "तिला बहीण आहे का?"

आपली सोयरीक जमवणारे काका त्याच्या आदल्याच आठवड्यात मला भेटायला आले होते. धाकटीला चौथा महिना लागल्याचं त्यांच्याकडूनच कळलं होतं. मी म्हटलं, "आहे, आणि तिला दिवस गेलेत." डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद खाली ठेवला. म्हणाल्या, "मग तिच्या डॉक्टरांना हे कळलंच पाहिजे. आणि लवकर."

मी धाकटीला फोन केला. तुमच्या मागे केला, त्याबद्दल राग माझ्यावर धरा, तिच्यावर नको. ती म्हणाली, "मावशी, डॉक्टरांनी विचारलं होतं घरात कुणाला काही आहे का. मी सांगितलं, ताई हृदयाने गेली, बाकी कुणाला काही नाही." मी म्हटलं, आईला विचार, तिच्या माहेरचं विचार. तर म्हणाली, "ताईचं बाळंतपण म्हटलं की आई ताटावरून उठते. तुम्हीच बोला."

म्हणून बोलते आहे. तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा आणि तुमच्या घरातल्या बायकांचं जे जे आठवेल ते सांगा. ते तुमच्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही.

आपली नात भिंगरी बरी आहे. एका जागी ठरत नाही म्हणून वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी ठेवलेलं हे नाव. तुम्ही तिला पाळण्यात पाहिलंत तेवढंच. आता ती रंध्याखालून निघालेल्या लाकडाच्या गुंडाळ्या कानात अडकवून फिरते.

उत्तर मला नाही दिलंत तरी चालेल. धाकटीच्या डॉक्टरांना द्या.

तुमची विहीण


१९ फेब्रुवारी

विहीणबाई,

काका येऊन गेले. वर्कशॉपमध्ये बसले, चहा घेतला, लाकडाचे भाव विचारले, नव्या कपाटाची दारं उघडून मिटून पाहिली. मी म्हटलं, "काय म्हणाल्या ते सांगा."

"जाऊ द्या हो."

"अहो, तुम्ही निरोप घेऊन आलात की कपाट घ्यायला?"

तेव्हा सांगितलं. तुम्ही म्हणालात, "आधी माझ्या लेकीला पलंगावर निजवून मारली, आणि आता खापर माझ्या रक्तावर फोडायला निघाल्या. चोर तो चोर, वर शिरजोर."

मी खोटं लिहीत नाही, मला राग आला. त्या दिवशी एका टेबलावर पॉलिशचा हात इतका जोरात फिरवला की मुलाने फडकं माझ्या हातातून काढून घेतलं. मग राग उतरला आणि नुसती भीती उरली. धाकटीचा पाचवा महिना सुरू होईल, आणि आपण दोघी अजून कुणी काय फोडलं त्याचा हिशेब करतोय.

खापर माझ्याच डोक्यावर राहू द्या. सगळ्या माणसांसमोर तुम्ही ते ठेवलंत तेव्हाही मी काढून टाकलं नव्हतं. तीन वर्षं होतील आता, मानेला सवय झाली आहे. तुम्ही म्हणता त्यात खरंही आहे. आम्ही तिला उठू दिलं नाही. तुमच्या जावयाने तिच्यासाठी चाकांचं टेबल केलं होतं, पलंगावर आडवं सरकणारं. त्याला बाटलीची खाच, फोनची खाच, बाळाच्या लंगोटांसाठी खालचा कप्पा. दिव्याचं बटण उशीशी आणलं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभं राहून काचा घासणारी मुलगी, तिला आता तरी पाय लांब करून पडू दे, असं घरातल्या प्रत्येकाला वाटत होतं. ती त्याला म्हणाली, "आता माझ्याऐवजी बाळाला पाजणारं काहीतरी बनवा, म्हणजे मी कायमची सुटले." तो हसला आणि पेन्सिल कानावर लावून कामाला गेला. सुतार माणूस. प्रेम करायचं म्हणजे लाकडाचं काहीतरी करायचं, एवढंच त्याला येतं.

ते टेबल त्याने नंतर मोडलं. फळ्याही दुसऱ्या कामाला वापरल्या नाहीत. आता माझ्या गुडघ्याच्या वेळी त्याने माझ्यासाठी काहीही बनवलेलं नाही. उलट पाण्याची बाटली खिडकीत ठेवतो, चष्मा पलीकडच्या फळीवर. "आई, उठून घे," म्हणतो. शिव्या द्याव्याशा वाटतात आणि मी उठते.

तेव्हा आमचं जे काय चुकलं ते चुकलं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडून राहणाऱ्या शंभर बायकांतल्या शंभरही बहुधा बऱ्या होतात. आपल्या थोरलीला आणखी काहीतरी होतं. ते तिच्या बहिणीला आहे का, हा प्रश्न आहे. हा खापराचा प्रश्न नाही.

तुमच्या मोठ्या बहिणीचं तुम्ही मला एकदा सांगितलं होतं, लग्नाची कपडेखरेदी करून आपण दोघी रिक्षातून परत येताना. बाळ मांडीवर होतं, कुणाच्या तरी बोलण्यावर हसत होती, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेली. लोक म्हणाले होते, काळीज नाजूक होतं. ते डॉक्टरांना सांगा.

आणि तुमचा डावा पाय दाखवा. पहिल्या बाळंतपणात सुजला तो कधी पुरता उतरलाच नाही, असं तुम्हीच सांगत असता. तुमचा चप्पलवाला दोन मापांतली एक एक चप्पल जोडून देतो. त्या पायाबद्दल मला इथे जास्त काही लिहायचं नाही. डॉक्टरांना दाखवा, बस.

तुमची विहीण


६ मार्च

विहीणबाई,

तुमचं पाकीट आलं. आत एकच ओळ.

"त्या दिवशी मी हसले होते. तुम्हाला आठवतं का?"

मी ते वाचून घडी घातली. मागच्या पत्रात ज्याच्या कडेकडेने गेले ते तुम्ही स्वतःच बोट ठेवून दाखवलंत. आता उत्तर न देणं बरं नाही.

हो, आठवतं.

तुम्ही दुपारी आलात. ती म्हणाली, "आई, हा पाय बघ ना, भरून आलाय. पोटरी नुसती ठणकतेय." तुम्ही पाहिलंत, आणि पलंगावर तिच्या शेजारी बसून आपला डावा पाय तिच्या पायाला लावलात. म्हणालात, "घ्या! पोरगी कुणावर गेली म्हणून विचारत होतात ना? रंग बापाचा, नाक आजीचं, पण पाय माझा! आमच्या घरच्या बायका बाळंत झाल्या की पाय असाच येतो. माझ्या आईचाही असाच होता." मग तुम्ही दोघी पायाची बोटं हलवून दाखवायला लागलात आणि सगळे हसले. तिच्याइतकं कुणी हसलं नाही. टाक्यांवर हात धरून म्हणत होती, "आई, पुरे, टाके उसवतील."

मीही हसले. मला हायसं वाटलं. मुलाच्या हातात गाडीची किल्ली होती, डॉक्टरांना आणायला निघाला होता. ती त्याने परत खिळ्याला लावली.

हे शेवटचं वाक्य लिहू नये असं मनात होतं. पण तुम्ही विचारलंत, आणि अर्धं सांगितलं तर उरलेलं अर्धं तुम्ही मनात याहून वाईट रचाल. मी तुम्हाला तेवढं ओळखते. म्हणून सगळं लिहिलं. आता पुढचंही सगळं वाचा, मध्येच पत्र ठेवू नका.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "त्या दिवशी नेलं असतं तर?" त्या म्हणाल्या, "कदाचित वाचली असती. नक्की कुणी सांगू शकत नाही. कुणी नक्की सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका." मला त्यांचं हे पटलं. तुम्हालाही खोटा दिलासा चालणार नाही.

पण त्यांनी आणखी एक सांगितलं. तुमचा जो पाय सुजला, तीही गुठळीच असणार. तुमची पायातच राहिली आणि तिथली वाट बिघडवून बसली, म्हणून पाय जाड राहिला. तुमच्या बहिणीची वर गेली. दोघींना एकच झालं होतं, पण एक मेली म्हणून तिचं काळीज नाजूक ठरलं, आणि एक वाचली म्हणून तिचा पाय घराण्याची खूण ठरला. तुम्ही वाचलात, उठलात, दोन लेकी वाढवल्यात. मग असा पाय धोक्याचा असतो हे तुम्हाला कुणी आणि कशावरून सांगायचं? तुमच्या आईने तुमचा पाय पाहिला तेव्हा तिनेही हेच म्हटलं असेल. लेकीचं नाक, लेकीचे डोळे आपल्यासारखे दिसले की आई खूश होते. तुम्ही तेवढंच केलंत.

हसण्याने रक्त गोठत नाही, विहीणबाई.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा पाय उचलून मला दाखवत होती. "अहो आई, बघा, आता पुरती माहेरची झाले." तिला तो पाय आवडला होता. हे तुम्हाला सांगावं की नाही, याचा मी तीन वर्षं विचार करत होते.

आता धाकटीचं. तिचे पाय अजून दोन्ही सारखे आहेत, मी विचारून घेतलं. म्हणजे आपल्या हाती वेळ आहे. थोरलीच्या वेळी तो आपल्याला मिळाला नाही. परवा नको, उद्याच जा. हे पत्र बरोबर न्या. बोलणं जमलं नाही तर डॉक्टरांसमोर ठेवा, त्यांना वाचू दे.

तुमची विहीण


२ मे

विहीणबाई,

धाकटीचा फोन झाला. तुम्ही मागून "मीठ बघ, मीठ बघ" म्हणत होतात तेही ऐकू आलं. तुमचा आवाज इतक्या दिवसांनी ऐकला, म्हणून मी मध्येच गप्प झाले होते. तिला वाटलं फोन कट झाला.

तुमचे आणि तिचे दोघींचेही रक्ताचे रिपोर्ट आले आणि दोघींच्याही रक्तात गोठणं आवरणारा एक घटक कमी निघाला, असं ती म्हणाली. वाईट वाटून घेऊ नका. कळलं हे महत्त्वाचं. भिंगरीचीही तपासणी करावी लागेल, पण घाई नाही, मोठी झाल्यावर केली तरी चालेल असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तिला सांगायला तेव्हा मी असेन नसेन. तुम्ही माझ्यापेक्षा लहान आहात, तुम्ही लक्षात ठेवा.

इंजेक्शनची सगळी हकिकत ऐकली. धाकटे जावईबापू पहिल्या दिवशी मोठ्या ऐटीत हात धुऊन आले, सुईचं टोपण काढलं आणि स्वतःच खुर्चीत बसले. धाकटी म्हणाली, "मावशी, मला टोचायचं सोडून आम्ही त्यांना वारा घालत होतो." आता तुम्हीच देता आणि तुमचा हात हलका आहे, असं तिने मला दोनदा सांगितलं. "पोट म्हणजे टाचण्यांची उशी झालंय" म्हणत होती, पण हसत म्हणत होती. पोटावर निळे डाग दिसतात त्याला घाबरू नका. माझेही आले होते, गेले. बाळापर्यंत ते औषध पोहोचत नाही, हे मी पुन्हा विचारून घेतलं आहे.

तुमची भीती तिने सांगितली. रक्त पातळ केलं आणि बाळंतपणात थांबलंच नाही तर? मलाही हाच प्रश्न पडला होता. म्हणून तर दिवस ठरवून, आधी इंजेक्शन थांबवून मग बाळंतपण करतात आणि नंतर पुन्हा सुरू करतात. ते त्यांच्यावर सोडा.

तुम्ही फक्त एक धरून ठेवा. बाळ झालं म्हणजे सुटलो असं समजू नका. आपल्याकडे बाळाचा फोटो आला की सगळे पेढ्याच्या मागे लागतात आणि आईकडे पाठ होते. खरी राखण त्यानंतरची. एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड दिसला, पोटरी दुखली, गरम लागली, धाप लागली, तर कुणावर गेलीय ते बघत बसायचं नाही, गाडी काढायची.

हे शेवटचं तुम्हाला लागेल. पण खोडत नाही. तुम्ही मला समजून घ्याल असं आता वाटतं.

तुमची विहीण


२१ जुलै

विहीणबाई,

नातू झाला, दोघं सुखरूप आहेत, इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. फोनवर तुम्ही एवढंच बोललात आणि फोन जावईबापूंकडे दिलात. बाकीचं आज तुमच्या पत्रातून कळलं. ते मी दोनदा वाचलं. मग मुलाला वाचायला दिलं. त्याने वाचून परत दिलं, बाहेर गेला, आणि गाडीत हवा भरून आला.

तुम्ही लिहिलंय, "डॉक्टर म्हणतात तिला चालवा. मी खोलीत जाते ते उठ म्हणायला, आणि तोंडातून निघतं, पड गं जरा. ती बिचारी पडते. रोज ठरवते, रोज हेच होतं. माझ्याच्याने होत नाही. तिचा चेहरा उशीवर दिसला की मला थोरली दिसते, आणि तिला हलवायला हात धजत नाही. तुम्हाला मी जे बोलले त्यानंतर हे मागायला तोंड नाही. तरी मागते. तुम्ही या आणि तिला उठवा."

तुम्ही मला बोलला होतात ते लेक गेलेल्या आईचं बोलणं होतं. ते मी तेव्हाही तसंच घेतलं होतं. दुखलं, ते वेगळं. आता तो विषय पुन्हा नको.

मी येते आहे. २५ तारखेला सकाळी निघतो, तोवर हे पत्र पोहोचेल. राहीन सहा आठवडे पुरे होईपर्यंत, तुम्ही कंटाळलात तर लवकर सांगा. मला उठवायला येतं. या वयात मला ज्यांनी उठवलं त्यांचं बघून शिकले. गोड बोलायचं नाही, रागवायचंही नाही. पांघरूण काढून घडी घालायची आणि चपला पुढे सरकवायच्या. ती माझ्यावर चिडेल. चिडू दे. विहिणीवर चिडलेलं कुणाला लागत नाही.

तुम्ही बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत बसा. "पड गं" म्हणावंसं वाटलं तर त्याला म्हणा.

मुलगा आम्हाला सोडायला येईल. मागे एकदा म्हणाला होता की तुमच्यासमोर उभं राहायचं कसं. आज विचारलं तेव्हा म्हणाला, "येतो, आत येईन." त्याला फार काही विचारू नका. जेवायला वाढा.

भिंगरी बरोबर आहे. तिला सांगितलं, आपण आजीकडे चाललो. ती म्हणाली, "तू आहेस की इथे." मी म्हटलं, "दुसरी आहे. तुझ्या आईची आई." तिने विचारलं, "ती एवढे दिवस कुठे होती?" मी म्हटलं, "तिला बरं नव्हतं." याहून खरं उत्तर मला सुचलं नाही.

एकच करा. आम्ही दुपारपर्यंत पोहोचू. बेल वाजली की तुम्ही उठू नका, जावईबापूंनाही उठू देऊ नका. धाकटीला सांगा, मावशी आलीय, दार उघड. ती पलंगावरून उतरून, भिंतीला धरून, खोली आणि व्हरांडा ओलांडून येईल तेवढा वेळ आम्ही बाहेर थांबू. कितीही वेळ लागला तरी मी दुसऱ्यांदा बेल वाजवणार नाही.

तुमची विहीण